घर दोघांचं, सह्या दोन

सकाळी ६.३०
अकरा वाजता खरेदीखत आहे. चहा घेता घेता मसुदा शेवटचा एकदा वाचते. फ्लॅट स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागातला, तीन खोल्यांचा, किंमत ४ लाख युरो. घेणारं जोडपं पुण्याचं. तो मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर, ती सॉफ्टवेअरमध्ये. त्याला जर्मन चांगलं येतं. तिच्या ऑफिसात सगळं इंग्रजीतून चालतं, म्हणून तिचं जर्मन बाजारहाटापुरतं. मी जर्मन-मराठी दुभाषी. आज मला तिच्या शेजारी बसायचं आहे.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मोटारधंद्यामुळे पुण्याचीही इथे सतत ये-जा असते. आलेले बरेच जण राहतात आणि मग घर शोधू लागतात. जर्मनीत परदेशी नागरिकाला घर विकत घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही. इथला रहिवासी असण्याचीही अट नाही. कर्ज देणारी बँक मात्र व्हिसा, नोकरी आणि हातातली रक्कम बारकाईने पाहते. कायद्याने दार उघडं ठेवलं आहे, पण आतला सगळा व्यवहार जर्मन भाषेत चालतो.

सकाळी ८.३०
त्याचा फोन. "ताई, मसुदा मी दोनदा वाचलाय. हिलाही समजावलंय. मग दुभाषी कशाला?"

"तुम्ही स्वतः खरेदीदार आहात. खरेदीदाराला त्याच व्यवहारात दुभाषी होता येत नाही, कायदाच आहे तसा. आणि अर्धं घर तिचं आहे ना? कर्जावरही तिची सही आहे."

मग तो वरखर्चाचा हिशेब पुन्हा विचारतो. तोही नीट सांगायलाच हवा, कारण बँका सहसा हा खर्च स्वतःच्या पैशातून करायला लावतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये खरेदीकर ५ टक्के, म्हणजे २० हजार युरो. नोटार आणि नोंदणी मिळून साधारण २ टक्के, ८ हजार. एजंटचे ३.५७ टक्के, १४,२८०. घराच्या किमतीवर बेचाळीस हजारांहून जास्त. शेजारच्या बायर्नमध्ये हाच कर ३.५ टक्के आहे, तर नॉर्डराइन-वेस्टफालनमध्ये ६.५.

सकाळी ११
इथला नोटार म्हणजे नुसता शिक्का मारणारा माणूस नव्हे. तो सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि विकणारा-घेणारा दोघांच्या मध्ये तटस्थ बसतो. त्याच्यासमोर न झालेला घराचा करार कायद्याने रद्दबातल ठरतो.

आधी पासपोर्ट, मग करक्रमांक. त्यानंतर तो विचारतो, "लग्न कधी झालं? लग्नानंतर दोघं पहिल्यांदा कुठे राहिलात?" दोघं चमकतात. पण प्रश्न महत्त्वाचा आहे. २९ जानेवारी २०१९ पासून झालेल्या लग्नांना, जोडप्याने वेगळं काही ठरवलं नसेल, तर त्यांनी पहिला संसार जिथे थाटला त्या देशाचा मालमत्ताविषयक कायदा लागतो. यांचा पहिला संसार स्टुटगार्टचा, म्हणून जर्मन कायदा. हेच दोघं आधी दोन वर्षं कोथरूडमध्ये राहिले असते, तर उत्तर बदललं असतं.

नोटार मला शपथ देतो. लेखी भाषांतर मागण्याचा हक्क आहे, हेही तो तिला सांगतो. मग वाचन सुरू होतं. अख्खा करार, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मोठ्याने. कलम संपलं की तो थांबतो, मी मराठीत सांगते, ती मान हलवते किंवा प्रश्न विचारते.

दोन ठिकाणी मी मुद्दाम सावकाश होते. पहिलं: जुनं घर आहे तसं घेतलं, नंतर दोष निघाले तर विकणारा जबाबदार नाही, त्याने जाणूनबुजून लपवलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं: पैसे वेळेवर दिले नाहीत, तर कोर्टात दावा न लावताही थेट वसुली होऊ शकते, याला संमती.

"म्हणजे माझ्या पगारावरही?" ती विचारते.

"हो, तुमच्याही."

ती नवऱ्याकडे बघते. हे त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. नोटार पेन खाली ठेवतो आणि ते कलम पुन्हा समजावतो. हे कलम नेहमीचं आहे, ती सही करणारच आहे. तरीही ती पाच मिनिटं तिच्या हक्काची होती, आणि ती तिला मिळाली.

दुपारी २.३०
पुण्यात संध्याकाळ झाली आहे. मुलीचे वडील फोनवर येतात. "मॅडम, टोकन किती दिलं? पावती घेतली ना?"

"काका, अजून एक युरोही दिलेला नाही."

त्यांना पटायला वेळ लागतो. इथे सही झाल्यावर आधी ग्रुंडबुख या जमीननोंदवहीत खरेदीदाराच्या नावाची आगाऊ नोंद होते. ती झाली की विकणाऱ्याला तोच फ्लॅट दुसऱ्या कुणाला विकून यांना डावलता येत नाही. नंतर नोटारचं पत्र येतं आणि मगच पैसे, तेही बँकेतून. १ एप्रिल २०२३ पासून घरासाठी रोख रक्कम, सोनं किंवा क्रिप्टो देण्यावर बंदी आहे. पैसे पोचले, खरेदीकर भरला, की मालक म्हणून नाव चढतं. आपल्याकडे सातबारा किंवा नोंदवलेलं खरेदीखत हाती असूनही मालकीचा वाद उभा राहू शकतो. इथे नोंदवहीवर विश्वास ठेवून घर घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

काका लेकीला मदत पाठवणार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतातल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. जर्मनीत आई आणि वडील प्रत्येकाकडून मुलीला १० वर्षांत ४ लाख युरोपर्यंतची भेट करमुक्त आहे, पण तीन महिन्यांत करखात्याला कळवावं लागतं. "वाटल्यास तुमच्या आणि लेकीच्या नावाने भेटीचा कागद करून ठेवा," मी सांगते. "पैसा तुमचा आणि लेकीचा आहे, तो तसाच दिसू दे."

दुपारी ४
दुसऱ्या एका कुटुंबाचे कागद. त्यांनी इमारतीचा रंग आणि बाल्कनी पाहिली; मी मालकांच्या सभांची इतिवृत्तं वाचते. छताच्या दुरुस्तीवर चर्चा झाली आहे, दुरुस्तीनिधी तुटपुंजा आहे. म्हणजे लवकरच प्रत्येक मालकाकडून जादा वर्गणी मागितली जाईल. हे तपासणं नोटारचं काम नाही. तो इमारत बघायला येत नाही. हे घेणाऱ्यानेच वाचायचं असतं.

संध्याकाळी ६
फॉयरबाखला एका घराचा ताबा. वीज, पाणी, हीटिंगचे आकडे लिहायचे, किल्ल्या मोजायच्या, भिंतीवरचे ओरखडे नोंदवायचे. नव्या मालकीणबाई मीटर स्वतः वाचतात, आकडा स्वतः जर्मनमध्ये सांगतात आणि कागदावर सही करतात. मला बोलावंच लागत नाही, याचा आनंद होतो.

रात्री ९
पुढच्या गिऱ्हाईकाला मेल. तो बांधकाम चालू असलेला फ्लॅट बिल्डरकडून घेतो आहे. तिथे पैसे टप्प्याटप्प्याने जातात. खोदकाम सुरू झाल्यावर जास्तीत जास्त ३० टक्के, पुढचं काम होईल तसं. विकणारा व्यावसायिक असल्याने मसुदा सहसा सहीच्या दोन आठवडे आधी हातात मिळायला हवा. मी लिहिते:

'हे दोन आठवडे वापरा. मसुदा दोघांनी वेगवेगळा वाचा, प्रश्न वेगवेगळे लिहा. सहीच्या दिवशी बायकोला सोबत म्हणून आणू नका, खरेदीदार म्हणून आणा. ज्या कलमाला ती "कळलं नाही" म्हणेल, तिथे नोटारला थांबवा. त्यासाठी तुम्ही त्याची फी भरता आहात, आणि ते घर तितकंच तिचंही आहे.'