थोरियमच्या वाटेवरचे सत्तावीस दिवस

कोयनेच्या पाण्यावर वीज कशी होते हे सातारा जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल. थोरियमपासून वीज करायची तर घोडं कुठे अडतं, हे बघून ये म्हणून संपादकांनी मला कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धाडलं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था मिळून चालवतात तो पेलेट्रॉन हा कणत्वरक तिथे १९८८पासून उभा आहे.

उभा म्हणजे खरोखरच उभा. त्याच्या पोटात धातूच्या नळकांड्यांची साखळी फिरते. दोन नळकांड्यांमध्ये नायलॉनचा दुवा. ही साखळी विद्युतभार वाहते आणि मधल्या टर्मिनलवर १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब चढतो. ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू भरलेला असतो. वेग घेतलेले प्रोटॉन लिथियमच्या पातळ पत्र्यावर आदळले की न्यूट्रॉन सुटतात.

त्या न्यूट्रॉनांच्या वाटेत ठेवायचा असतो थोरियमचा नखाएवढा तुकडा. एक संशोधक विद्यार्थिनी तो ॲल्युमिनियमच्या झिरझिरीत वर्खात गुंडाळत होती. कण उडून इतरत्र लागू नयेत म्हणून हे वेष्टन. कडा दुमडताना ती श्वास रोखून धरत होती. मी तिथून हललोच नाही.

न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३२चा थोरियम-२३३ होतो. बावीस मिनिटांत त्यातला निम्मा प्रोटॅक्टिनियम-२३३ बनतो. प्रोटॅक्टिनियम मात्र निम्मा व्हायला सत्तावीस दिवस घेतो, आणि तेव्हा कुठे युरेनियम-२३३ हे इंधन हाती येतं. न्यूट्रॉन गिळला जाण्याची ही शक्यता म्हणजे क्रॉस सेक्शन. ते बार्नमध्ये मोजतात. एका चौरस सेंटिमीटरचे एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक बार्न. मंद न्यूट्रॉनसाठी थोरियमचा आकडा जेमतेम सात बार्न. अणुभट्टीत तयार होणाऱ्या झेनॉन-१३५चा सव्वीस लाखांच्या घरात! अणुभट्टीचं सगळं गणित अशा आकड्यांवर बेतलेलं असतं.

आकडा मिळवणं मात्र जिकिरीचं. प्रोटॅक्टिनियमची ओळख पटते ३१२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांवरून. पण थोरियमची स्वतःची किरणोत्सारी पिलावळही त्याच डिटेक्टरमध्ये कालवा करत असते. लिथियममधून निघणारे न्यूट्रॉनही सगळे एका ऊर्जेचे नसतात. प्रोटॉनची ऊर्जा वाढवली की मुख्य गटामागे मंद न्यूट्रॉनांचं शेपूट लागतं. त्याचा वाटा हिशेब करून वजा करावा लागतो, आणि त्या वजाबाकीतली अनिश्चितता थेट उत्तरात उतरते.

खरी धास्ती प्रोटॅक्टिनियमचीच. त्या सत्तावीस दिवसांत त्याने स्वतःच न्यूट्रॉन गिळला, तर न्यूट्रॉनही गेला आणि व्हायचं ते इंधनही गेलं. त्याचे आकडे तर हवेतच. पण इतक्या झपाट्याने विरणाऱ्या, किरणोत्सारी पदार्थाचा तुकडा करून झोतापुढे धरायचा कसा? भाभा केंद्रातल्या बी. के. नायक आणि सहकाऱ्यांनी आडवाट काढली. लिथियम-६ थोरियमवर आदळवून त्यांनी न्यूट्रॉन गिळलेल्या प्रोटॅक्टिनियमसारखंच उत्तेजित अणुकेंद्रक घडवलं, आणि त्याच प्रयोगात घडणाऱ्या युरेनियम-२३६च्या विखंडनाशी तुलना करून २००८ साली प्रोटॅक्टिनियमच्या विखंडनाचा आकडा दिला.

मला ही युक्ती विलक्षण वाटते, तरी काळजी सरत नाही. तो आकडा ११.५ ते १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रॉनांसाठी आहे. अणुभट्टीतले बहुतेक न्यूट्रॉन त्याहून कितीतरी मंद असतात, आणि कमी ऊर्जेला या तुलनेवर तितका भरवसा ठेवता येत नाही.