नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

कर्जत तालुक्यातल्या कळंब भागात पाऊस धो धो पडतो. तरी एप्रिल-मे उजाडला की आसपासच्या आदिवासी वाड्यांवरच्या बायका आटलेल्या पात्रात डवरा खणतात आणि झिरपेल तसं वाटीवाटीने पाणी हंड्यात भरतात. इतक्या कष्टाचं पाणी पोटुशी बाईसुद्धा पुरवून पुरवून पिते. मग त्या काटकसरीला शहाणपणाची कारणं चिकटतात.

‘पाय सुजलेत, पाणी कमी पी,’ हे त्यातलं पहिलं. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब पायांकडून वर येणाऱ्या शिरांवर पडतो. संध्याकाळी पावलं सुजतात ती त्यामुळे. पाणी तोडून ही सूज उतरत नाही. उलट लघवीला जळजळ सुरू होते आणि लोहाच्या गोळ्यांनी आधीच धरलेलं पोट आणखी घट्ट होतं. चेहरा किंवा हात सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायचा.

दिवसाला साधारण 8 ते 12 पेले पाणी पोटात जावं, उन्हात किंवा वीटभट्टीवर काम असेल तर त्याहून जास्त. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. शहाळ्याने बाळ गोरं होतं म्हणतात. रंग आईबापाकडून येतो, शहाळ्यातून नाही. उघड्यावर जावं लागतं म्हणून दिवसभर तहान मारणाऱ्या बाईचा तर गैरसमजही नसतो. तिला उपदेश नको, शौचालय हवं.

खरा घात करतो तो दुसरा समज: ‘झऱ्याचं पाणी नितळ आहे, त्याला काय होतंय?’ जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. फडक्याने गाळलं की कचरा जातो, तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. जंतू बऱ्याच अंशी तिथेच राहतात. पहिल्या पावसात उघड्यावरची घाण वाहत विहिरीत आणि डवऱ्यात उतरते. तिच्यातून पसरणारा एक विषाणू म्हणजे हिपॅटायटीस ई. इतरांना तो बहुधा काही आठवडे कावीळ देऊन सोडतो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला ही कावीळ झाली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. दिल्लीत 1955-56 मध्ये सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून काविळीची प्रचंड साथ आली होती. ती याच विषाणूची होती, हे पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांतून कळलं.

शिवाय हा आजार उघडा पडायला 2 ते 10 आठवडे लागतात. जूनमध्ये प्यायलेलं पाणी ऑगस्टमध्ये डोळे पिवळे करतं, त्यामुळे दोष पाण्यावर येतच नाही. मग काविळीची माळ घातली जाते. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, अशी समजूत आहे. माळ लांबते ती गाठी सैल झाल्याने. कावीळ उतरते ती बहुतेकांची आपोआप. गरोदर बाईला मात्र तेवढी वाट पाहायला वेळ नसतो. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली की थेट दवाखाना.

क्लोरीनच्या वासाचं पाणी बाळाला बाधतं, हीसुद्धा भीतीच. ठरलेल्या मात्रेत टाकून अर्धा तास थांबलं तर ते निर्धोक असतं. उकळायचं असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. सरपण जपावं लागतं, म्हणून निदान गरोदर बाईच्या पिण्यापुरतं तरी उकळा. झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा; पेला बुडवला तर हाताची घाण पुन्हा त्यात उतरते.

आणि तो हंडा. सातव्या-आठव्या महिन्यात तो तिच्या डोक्यावर नको, घरातल्या पुरुषाने आणावा.