घोड्याला नाल हवीच का? आधी खुराचं गणित समजून घ्या

नालेशिवाय घोडा म्हणजे चपलेविना माणूस, असं जुने घोडेवाले म्हणतात. दुसरीकडे सवारी शिकवणारे काही जण नाल काढून टाकतात. खूर देवानं दिलाय तसा राहू द्या, म्हणतात. बेळगाव-खानापूरपासून इंदूर-बडोद्यापर्यंत घोडा बाळगणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पण या वादात मूळ गोष्ट बाजूला राहते. नाल असो वा नसो, खूर वाढतच असतो.

खूर आपल्या नखासारखाच. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. माळावर दिवसभर हिंडणाऱ्या घोड्याचा खूर घासून आपोआप झिजतो. तबेल्यात बांधलेल्याचा पुरेसा झिजत नाही आणि नाल ठोकलेल्याचा तर जवळपास नाहीच, कारण जमिनीला लागतं ते लोखंड. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढायची, खूर कापून कानशीनं घासायचा आणि नाल परत बसवायची.

इथंच घोडं पेंड खातं. ‘लोखंड अजून झिजलं नाही, मग खर्च कशाला?’ म्हणत नाल तीन-तीन महिने तशीच राहते. तोवर खूर पुढून लांब होतो, त्याबरोबर नालही पुढं सरकते, टाचेचा आधार जातो आणि सगळा ताण पायाच्या मागच्या शिरांवर येतो. नालबंदाची एक फेरी वाचते. घोडा लंगडला की ऐन लगीनसराईतली कमाई बुडते. यात बचत कुठली?

नाल लागते ती वाढीपेक्षा झीज जास्त असेल तेव्हा. डांबरी रस्त्यावर रोज चालणारा, खडकाळ वाटेनं ओझं नेणारा घोडा नालेशिवाय टिकणं कठीण. बैलाला पत्र्या मारतात, त्यामागचं कारणही तेच. खिळे खुराच्या बाहेरच्या कडेत जातात, तिथं संवेदना नसते. तळव्याच्या कडेनं दिसणाऱ्या फिकट रेघेच्या आत खिळा शिरला, तर मात्र तो जिवंत भागात टोचतो. घोड्याला धनुर्वात चटकन होतो आणि तो जिवावर बेततो, तेव्हा लस आधीच दिलेली बरी.

अनवाणी पायाचेही फायदे आहेत. भार पडला की खूर टाचेकडं किंचित फाकतो आणि धक्का जिरवतो. नाल हे फाकणं कमी करते. शिवाय गुळगुळीत फरशीवर लोखंड घसरतं. माथेरानच्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही तिथल्या घोडेवाल्यांची जुनी तक्रार आहे. मऊ मैदानावर तासभर सवारी, एवढंच काम असेल तर बहुतेक घोड्यांना नाल लागत नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसच्या झेनोफननं खूर कणखर व्हावेत म्हणून अंगणात गोल दगड पसरून त्यावर घोडा बांधायला सांगितलं होतं!

पण आज नाल काढली आणि उद्या वरातीला नेलं, असं होत नाही. सवय नसलेला घोडा खड्यांवर पाय चोरतो. नवा खूर वरून खाली पुढच्या टोकापर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर काम हलकं ठेवायचं किंवा रबरी बूट घालायचे. कापणीचा खर्च तर चालूच राहतो. मधला मार्ग म्हणून काही जण पुढच्या दोनच पायांना नाल ठोकतात. घोड्याचा साधारण ६० टक्के भार तिथंच असतो.

खानापूर, गोव्याकडच्या पावसाळ्यात ओलीनं खूर मऊ पडतो, खिळे सैल होतात, तळव्याच्या मधला मऊ भाग सडून घाण वास येतो. त्यावर रोज खूर खरवडून साफ करणं आणि कोरडी जागा देणं हाच उपाय. दाणा बेसुमार घातल्यानं खुराच्या आत सूज आली, तर नाल बदलून ती उतरत नाही; डॉक्टरच बोलवावा लागतो.

सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात घोडा बघताना चाल आणि रंगावर भाळण्याआधी चारही पाय उचलून बघावेत. नाल असेल तर टाच तिच्यावर नीट टेकलेली आहे का, खुरावर आडव्या खोल वळ्या आहेत का, भेगा आहेत का, हे पाहावं. आणि शक्य झालं तर ओळखीचा नालबंद सोबत न्यावा.