हजार वर्षांपूर्वीचा सल्ला, आपल्याच तालुक्यात

मंद्रूपकरांनो, सुखी कसं व्हायचं हे सांगणारे व्हिडिओ रोज मोबाईलवर येतात. त्याआधी एकदा हत्तरसंग कुडलला जाऊन या. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर! तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ साधारण असा लावतात: जो हे वाचेल, तो विजयी होईल.

मराठीतला पहिला शिलालेख हाच की रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा, यावर अभ्यासक भांडतात. भांडू द्या! मला अप्रूप वेगळंच वाटतं. त्या काळच्या कोरीव लेखांत लेख मोडणाऱ्याला शिव्याशाप सर्रास असायचे. इथे मात्र वाचणाऱ्याला चक्क आशीर्वाद.

तो पाहून आल्यापासून मी एकच बदल केला. सकाळी चहा उकळेपर्यंत हातात मोबाईल असायचा, आता पुस्तक असतं. चारच पानं होतात. कधी दोन. पहिल्या आठवड्यात तर हात आपोआप चार्जरकडे जायचा, म्हणून मोबाईल रात्रीच दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो. सवय मोडायची तर वस्तू हाताशी नको. निर्धाराच्या भरवशावर मी दोन दिवससुद्धा टिकलो नव्हतो. फायदा? सकाळची चिडचिड कमी झाली, असं घरचे म्हणतात. चहा मात्र दोनदा उतू गेला.

कुडलला जाताना भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, संगमावर बसून खायला.