श्रीनगरात विचारावे कुणाला?

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात 26 माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना कुणी हात लावत नाही, हा काश्मीरबद्दलचा जुना दिलासा त्या दुपारी संपला. तरीही मराठी कुटुंबे श्रीनगरला जात राहणार, आणि निघण्यापूर्वी बंदोबस्त कसा आहे हेच आधी विचारणार. चौकशी रास्त आहे, पण अपुरी. बंदोबस्त रस्त्यावर दिसतो. कोणत्या वेळी कोणत्या मोहल्ल्यात जाऊ नये, हे तिथे राहणाऱ्यालाच कळते. तो ते मोकळेपणी सांगेल की नाही, हे आपण त्याच्या शहरात कसे वागतो यावर ठरते. म्हणून तिथल्या रीतिरिवाजांची माहिती हा सुरक्षिततेचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

सरकारी नियम थोडक्यात सांगता येतात. विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. तिथे फोटो काढू नयेत, आणि सामानाची तपासणी बाहेरच्या फाटकापासूनच सुरू होत असल्याने परतताना वेळ हाताशी ठेवावा. बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. पण तेही बंद पडू शकते. 2 ऑगस्ट 2019 रोजी पर्यटकांना खोरे सोडण्याची सूचना निघाली आणि 5 तारखेला फोन व इंटरनेट दोन्ही थांबले. तेव्हा पत्ते आणि नंबर कागदावर हवेत, रोख रक्कम खिशात हवी.

रीतिरिवाजांचे मात्र असे नियमपत्रक नसते. जुन्या शहरातल्या नौहट्ट्याची जामिया मशीद 1402मध्ये पूर्ण झाली. देवदाराच्या खांबांची ती रांग पाहावी अशीच आहे. पण शुक्रवारच्या नमाजाभोवती तिथे वर्षानुवर्षे दगडफेक आणि संचारबंदी झाली आहे, म्हणून जाणता माणूस दुसरा वार सुचवतो. दर्ग्यात डोके झाकावे. काही ठिकाणी आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश नसतो, तिथे वाद घालू नये. रमजानमध्ये रस्त्यात खात फिरू नये. न विचारता बायकांचे फोटो काढू नयेत, बंकरचे तर मुळीच नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, ड्रायव्हरला ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असे खोदून विचारू नये. आपल्यासाठी त्या प्रवासातल्या गप्पा असतात. त्याला मात्र समोरचा कोण आहे, बोललेले कुठे पोहोचेल, हे ठाऊक नसते. बोलण्यापायी चौकशी मागे लागू शकते, हे जाणणाऱ्या माणसाला आपण उगाच संकटात टाकतो. तो आपणहून बोलला, तर ऐकावे.

यावर कुणी म्हणेल, रीत पाळून बैसरनमधले जीव वाचले असते का? नाही. ते कुरण पहाऱ्याविना का होते, याचे उत्तर सरकारनेच द्यायचे आहे. त्याचा भार मेलेल्यांच्या वागण्यावर टाकणे क्रूरपणाचे आहे. पण तिथवर मोटाररस्ता नाही. जखमींना पाठीवर आणि घोड्यांवर घालून खाली आणले ते स्थानिकांनी. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक घोडेवाला त्यात मारला गेला. दुसऱ्या दिवशी खोऱ्याने निषेधाचा बंद पाळला. सप्टेंबर 2014च्या पुरातही अडकलेल्यांपर्यंत आधी पोहोचली ती बहुधा मोहल्ल्यातली पोरेच.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: अनोळखी माणसावर विश्वास का ठेवावा? आंधळेपणाने ठेवूच नये. हाऊसबोटवाल्याचा हंगाम आपल्यावर चालतो, त्यामुळे त्याला सगळे ठीकच दिसण्याचा संभव असतो. त्याचे ऐकावे, मग पर्यटकांवर पोट नसलेल्या कुणाला तरी विचारावे: औषधाच्या दुकानात, किंवा पहाटे गिरदा रोटी भाजणाऱ्या कांदराकडे, म्हणजे बेकरीवाल्याकडे. दोघांचे सांगणे जुळले तर निघावे. जुळले नाही तर टॅक्सीचे पैसे बुडाले तरी चालतील, पण त्या दिवशी जुन्या शहरात जाऊ नये.