दोन लाख फेरे आणि तेलाचा एक पापुद्रा

भिगवण सोडून इंदापूरकडे निघालेली एखादी टर्बो पेट्रोल गाडी उसाच्या ट्रकला मागे टाकायला वेग घेते, तेव्हा बॉनेटखाली काय चाललेलं असतं? तळहातावर मावेल एवढं एक पात्यांचं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास गरगरत असतं. चाकाचा व्यास 40 मिलिमीटर धरा आणि गणित करा. पात्यांची टोकं सेकंदाला 400 मीटरहून जास्त वेगाने धावतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे उजनीच्या पाण्याकडे बघत एसीत बसलेल्या माणसापासून दोन-तीन हातांवर आवाजालाही मागे टाकणारी वस्तू फिरत असते, आणि त्याला तिचा पत्ताही नसतो.

आता खरी नवलाची गोष्ट. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत या चाकाचा दांडा बॉल बेअरिंगवर बसवलेला नसतो. तो एका सैल कड्यातून जातो. कड्याच्या आत, दांड्याभोवती तेल. कड्याच्या बाहेर, घराच्या भिंतीशी पुन्हा तेल. आणि कडंसुद्धा दोन्हींच्या मध्ये स्वतः फिरतं. दांडा 6 मिलिमीटरचा धरला तर त्याचा पृष्ठभाग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगाने सरकत असतो, आणि त्याला तोलून धरणारा तेलाचा थर माणसाच्या केसाहून पातळ असतो. सगळं नीट चाललं असेल तर धातू धातूला शिवतच नाही. तो पापुद्रा क्षणभर फाटला की टर्बो ‘बसला’.

असल्या गाड्या आता परदेशातून येत नाहीत, आपल्याच पुणे जिल्ह्यातून निघतात. रांजणगावला नेक्सॉनची 1.2 लिटर टर्बो पेट्रोल गाडी बनते. चाकणला महिंद्राची दोन लिटरची, 200 अश्वशक्तीची एक्सयूव्ही 700 बनू लागली आणि फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया यांची दीड लिटरची, 150 अश्वशक्तीची टीएसआय इंजिनं असलेली मॉडेलंही. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्यात कोणतं तेल ओतावं, याबद्दल मात्र गॅरेजागणिक वेगळा सल्ला मिळतो. ‘आपल्याकडं ऊन फार, जाड ऑइल टाका’ हा त्यातला सर्वांत आवडता.

टर्बोची कल्पना जुनी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या तापलेल्या वायूने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. पेट्रोल इंजिनात हा वायू 900 अंशांच्याही वर जातो. म्हणजे दांड्याच्या एका टोकाला तांबडीलाल भट्टी, दुसऱ्या टोकाला ताजी हवा, आणि मधोमध आपलं तेल. ते वंगणही करतं आणि उष्णता वाहूनही नेतं. इंजिन चालू असेपर्यंत हे जमतं. गाडी सुसाट आणून हॉटेलासमोर लावली आणि चावी फिरवली, तर तेलाचा पंप तिथेच थांबतो. टर्बाइनच्या घरातली उष्णता मात्र थांबत नाही. ती दांड्यावरून आत सरकते आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं थोडंसं तेल करपून त्याचा कोळसा होतो. असं वारंवार झालं की तेलाच्या बारीक वाटा बुजतात. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा छोटा पंप टर्बोभोवती पाणी फिरवतो, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला आहे. तरीही तेल न करपणारं हवं, ही पहिली अट.

आता डब्यावरचे आकडे. ‘5डब्ल्यू-40’ यातल्या ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. 5डब्ल्यू तेल शून्याखाली 30 आणि 35 अंशांवर तपासतात. 20डब्ल्यूची पहिली तपासणीसुद्धा शून्याखाली 15 अंशांवर होते. इंदापूरच्या शिवारात ऊस भिजवायला पहाटे पाणी धरणाऱ्याला कितीही हुडहुडी भरली, तरी ती थंडी या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. मग 5डब्ल्यूचा आपल्याला उपयोग काय? रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सकाळी सुरू होतं, तेव्हा तेल खालच्या चेंबरमधून वर टर्बोपर्यंत पोचायचं असतं. 20 अंशांच्या सकाळीसुद्धा 5डब्ल्यू तेल 20डब्ल्यूपेक्षा बरंच प्रवाही असतं आणि तेवढं लवकर पोचतं.

दुसरा आकडा गरम तेलाचा. 100 अंशांवर तेलाची प्रवाहाला होणारी अडवणूक सेंटिस्टोक या मापात मोजतात. 30 ग्रेडसाठी ती 9.3 ते 12.5, 40 साठी 12.5 ते 16.3, 50 साठी 16.3 ते 21.9 असावी लागते. नेहमीचं 5डब्ल्यू-40 तेल 40 अंशांवर 80 ते 90 सेंटिस्टोकच्या आसपास असतं, 100 अंशांवर 14 च्या. उन्हाचा मुद्दा इथेच विरतो. बाहेर 28 अंश असोत की 42, इंजिनातलं तेल कूलर आणि थर्मोस्टॅटच्या जोरावर साधारण 90 ते 110 अंशांच्या पट्ट्यात राहतं. उन्हाने थोडा फरक पडतो, पण तो हिशेब गाडी बनवणाऱ्याने आपल्या देशापुरतं ग्रेड ठरवतानाच धरलेला असतो. गरजेपेक्षा जाड तेल बारीक वाटांतून सावकाश जातं, आणि टर्बोला नेमका तोच उशीर परवडत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर सोपं होतं. तेल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर घालतात. थंडीत हे रेणू थंडी वाजणाऱ्या माणसासारखे अंग चोरून बसतात, उष्णतेत हातपाय पसरतात आणि तेलाला अडवून धरतात. पण बेअरिंगमध्ये दाब आणि वेग इतका असतो की या साखळ्या आडव्या पडतात, काही कायमच्या तुटतात. म्हणून आणखी एक चाचणी असते, एचटीएचएस नावाची. 150 अंशांवर, दोन पृष्ठभाग एकमेकांवरून जोरात सरकत असताना तेल किती टिकाव धरतं ते ती सांगते. किती जोरात? दोघांमध्ये एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी फट आणि सरकण्याचा वेग सेकंदाला 10 मीटर, इतक्या. याचं माप मिलिपास्कल-सेकंदात देतात. युरोपच्या ‘एसीईए’ संस्थेच्या ए3/बी4 आणि सी3 या प्रतींना ते किमान 3.5 लागतं. ए5/बी5 मध्ये ते 2.9 ते 3.5 एवढंच असतं. गंमत पाहा: दुकानातल्या एकाच फळीवर दोन डबे, दोन्हींवर 5डब्ल्यू-30, पण एक सी3 प्रतीचा आणि दुसरा ए5/बी5 चा. बाहेरून सख्खे भाऊ, आत जमीन-अस्मानाचं अंतर. नुसतं ग्रेड सांगून तेल मागणं म्हणूनच अर्धवट आहे.

‘सिंथेटिक’ या शब्दावरही डोळे मिटून भिस्त ठेवू नये. तेलाच्या मूळ पदार्थाचे पाच गट मानतात. चौथ्या गटातलं पॉलिअल्फाओलेफिन इथिलीन वायूपासून रेणू जोडत जाऊन बनवलेलं असतं. सगळे रेणू जवळजवळ एका मापाचे, म्हणून ते उष्णतेत कमी उडतं आणि थंडीत कमी आखडतं. तिसऱ्या गटाचं तेल खनिज तेलावर हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून मिळतं. त्याला सिंथेटिक म्हणावं की नाही यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला आणि 1999 साली तिथल्या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने ‘म्हणता येईल’ असा कौल दिला. तेव्हापासून ‘फुल्ली सिंथेटिक’ डब्यात पुष्कळदा तिसऱ्या गटाचंच तेल असतं. ते वाईट नसतं, उत्तमही असू शकतं. पण शब्द विकत घेऊ नका, चाचणी विकत घ्या.

त्या चाचण्यांत टर्बो पेट्रोलसाठी सर्वांत महत्त्वाची एक नवी आहे. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबला की काही वेळा ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टनच्या रिंगांपाशी साचलेला तेल-इंधनाचा थेंब उडून आत जातो आणि वात लावतो. एका झटक्यात दाब इतका चढतो की पिस्टन फुटू शकतो. तेलातल्या साफसफाईच्या रसायनांत कॅल्शियम जास्त असेल तर हे जास्त घडतं, काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम वापरलं की कमी होतं, असं संशोधनात दिसलं. त्यावरून हे तपासणारी चाचणी असलेल्या, अमेरिकेच्या एपीआय संस्थेच्या दोन प्रती आल्या: 2018 मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’ आणि 2020 मध्ये ‘एपीआय एसपी’.

इथल्या वाचकाला जवळची अशी आणखी एक गोष्ट पेट्रोलमध्येच आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा: बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत साखर कारखान्यांची रांगच लागली आहे, आणि उसापासून निघणारं इथेनॉल आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. टर्बो इंजिनाला ते एका अर्थी मानवतं, कारण इथेनॉल उकळताना उष्णता जास्त शोषतं आणि ठोके कमी पडतात. पण इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात त्यातलं थोडं भिंतीवरून खाली तेलात उतरतं. इथेनॉल 78 अंशांवर उकळतं. गाडी महामार्गावर तासभर पळाली तर ते उडून जातं. बारामतीत घर ते एमआयडीसी, एमआयडीसी ते घर एवढंच धावणाऱ्या गाडीचं तेल मात्र नीट तापतच नाही, आणि इंधन व पाण्याचा अंश त्यात साठत जातो. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधट, सायीसारखा थर दिसला तर गाडीला लांबच्या फेरीची गरज आहे, आणि ऑइल किलोमीटर भरायच्या आधीच बदलायला हवं.

तर दुकानात काय मागायचं? गाडीचं पुस्तक उघडा. त्यात ग्रेड असतं आणि प्रतीचा क्रमांक असतो: ‘एपीआय एसपी’, ‘एसीईए सी3’, ‘फोक्सवॅगन 502 00’, ‘मर्सिडीज 229.5’ असा. डब्याच्या मागच्या बाजूला तोच क्रमांक शोधा; तो गाडी कंपनीचा असेल तर ‘अप्रूव्हल’ या शब्दासह. ‘रिकमेंडेड फॉर’ असं लिहिलेलं असेल तर तो तेल कंपनीचा स्वतःचा दावा असतो. ‘अप्रूव्हल’ गाडी बनवणाऱ्याने तेल तपासून दिलेलं असतं. डिझेल गाडीत धुराचा फिल्टर असेल तर कमी राखेचंच तेल घ्या. काजळी जाळून टाकता येते, पण तेलातल्या धातूंची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. ऑइल बदलण्याचा काळ किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते. टर्बो इंजिन थोडं तेल खातं, तेव्हा डिपस्टिक अधूनमधून बघा; दोन खुणांच्या मध्ये पातळी असली की पुरे, वर चढवलेलं तेल फेसाळतं. आणि महामार्गावरून उतरल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवा, म्हणजे टर्बो निवतो.

मिस्त्रीवर विश्वास जरूर ठेवा, पण पुस्तकातलं ते पान फाडून न्यायची गरज नाही. मोबाइलवर फोटो काढून त्याला दाखवा. महाग डबा म्हणजे योग्य डबा नव्हे. क्रमांक जुळतो तोच योग्य, मग तो फळीवरचा सर्वांत स्वस्त का असेना.