विश्लेषण : समुद्रावरचा वारा मोजणारे उपग्रह उमरेडच्या शेतकऱ्याच्या काय कामाचे?

उमरेडपासून विशाखापट्टणमचा किनारा सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर. तरीही सप्टेंबरअखेर सोयाबीन कापणीला आलेले असताना तालुक्यातील शेतकऱ्याचे लक्ष बंगालच्या उपसागराकडे असते. विदर्भातील मोठा पाऊस बहुतेकदा तिथल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. त्यांची चाहूल लागते ती समुद्रावरच्या वाऱ्यावरून.

समुद्रावरचा वारा कसा मोजतात?

जमिनीवर वेधशाळा असतात. समुद्रात मात्र जहाजे आणि तरंगते बोये मोजकेच. ही उणीव ‘स्कॅटरोमीटर’ हे उपग्रहावरचे रडार भरून काढते. ते समुद्राच्या पृष्ठभागावर सूक्ष्मलहरी सोडते. वाऱ्यामुळे पाण्यावर काही सेंटिमीटर लांबीच्या बारीक लाटा उठतात. पाणी जितके खडबडीत, तितका परत येणारा संकेत वेगळा. त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो. तोच भाग वेगवेगळ्या कोनांतून तपासला की दिशाही काढता येते.

इन्सॅटची छायाचित्रे पुरेशी नाहीत का?

इन्सॅट उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून सतत ढग पाहतात. पण ढगांखाली, पाण्यालगत वारे गोल फिरू लागले आहेत का, हे स्कॅटरोमीटर अधिक थेट सांगतो. हा फरक महत्त्वाचा आहे. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ते कमी दाबाचे क्षेत्र, ३१ ते ५० असेल तर ‘डिप्रेशन’ आणि ६२ वर गेला की चक्रीवादळ.

भारताकडे असे कोणते उपग्रह?

‘ओशनसॅट-२’ २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोटाहून सोडण्यात आला. त्याचा स्कॅटरोमीटर २०१४ मध्ये बंद पडला. त्याची जागा २६ सप्टेंबर २०१६ रोजी सोडलेल्या ‘स्कॅटसॅट-१’ने घेतली. त्याचे काम २०२१ मध्ये थांबले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ईओएस-०६’ म्हणजेच ‘ओशनसॅट-३’ अवकाशात गेला. युरोपच्या ‘मेटॉप’ उपग्रहांच्या नोंदीही हवामान विभाग वापरतो.

विदर्भाला याचा अनुभव कधी आला?

‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्रातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर त्याचा जोर ओसरला, पण पाऊस थांबला नाही. उरलेली प्रणाली तेलंगणमार्गे विदर्भ, मराठवाड्यावरून पुढे सरकली. २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ नाल्याच्या पुरात एसटी बस वाहून गेली आणि प्रवाशांचे जीव गेले. हीच प्रणाली अरबी समुद्रात पोहोचून ‘शाहीन’ चक्रीवादळ झाली आणि ओमानला धडकली. वादळ किनाऱ्यावर विरले म्हणजे धोका टळला, असे नसते.

मर्यादा कोणत्या?

एकच उपग्रह समुद्राचा तोच भाग दिवसभर पाहू शकत नाही. मुसळधार पावसात संकेत बिघडतो. वारा फारच वेगवान असेल तर मोजणी अचूक राहत नाही. जमिनीवरचा वारा हे यंत्र मोजत नाही. म्हणून या नोंदी इन्सॅट, रडार आणि वेधशाळांच्या माहितीसोबत संगणकीय प्रारूपांत घातल्या जातात. त्यातून अंदाज तयार होतो.

शेतकऱ्याने काय पाहावे?

‘उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ अशी बातमी आली की नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा रोज पाहावा. अमुक शिवारात किती पाऊस पडेल, हे उपग्रह सांगू शकत नाही. मात्र कापलेले सोयाबीन शेतात पसरून ठेवायचे की गंजी लावून ताडपत्रीने झाकायचे, फुटलेला कापूस आधी वेचून घ्यायचा का, हे ठरवायला दोन-तीन दिवस मिळतात. हातचे पीक वाचवायला कित्येकदा तेवढे पुरतात.